मदत हवी आहे: ज्युनियर मुलांचं इंग्रजी लेखन सुधारताना किती दुरुस्त करायचं?

वर्धाकाठची: जरा लवकर सांगा, परवा पुन्हा बसायचंय. सरांनी आम्हा एम.ए.च्या मुलींना ज्युनियर मुलांच्या इंग्रजी लेखनाला मदत करायला बसवलंय. मुलं कागद पुढे सरकवून म्हणतात, 'ताई, दुरुस्त करून द्या.' सरांची सक्त ताकीद आहे की लिहून द्यायचं नाही, प्रश्न विचारून त्यांच्याकडूनच काढायचं. मी विचारते, 'हे वाक्य बरोबर वाटतं का?' पोरं मान खाली घालून गप्प. दुरुस्त करत गेले तर पान लाल होतं आणि लेखन माझंच होऊन जातं. काय करू? वाचन वाढवा, हे कृपया सांगू नका.

निवृत्त_गुरुजी: मुलं कोणत्या वर्षाची? अर्ज, निबंध की प्रकल्प? एकेकाला वेळ किती मिळतो? नमुना टाका, त्याशिवाय काय सांगणार?

पांढरं_सोनं: मी तरी वाचनच सांगीन. पोट्ट्यायले रोज एक इंग्रजी बातमी मोठ्यानं वाचाले लावा. मी तसाच शिकलो, खेड्यातच.

वर्धाकाठची: बी.ए. पहिलं वर्ष, पर्यावरणाचा प्रकल्प, अर्धा तास. नमुना: 'माय फादर इज हॅविंग फोर एकर कॉटन. पिंक बोंडअळी केम. वी डिस्कस्ड अबाउट इट विथ कृषी सहायक.' असं तीन पानं.

टेकसॅव्ही_पुसद: चॅटजीपीटीत टाका, दोन मिनिटांत शुद्ध करून देईल.

निवृत्त_गुरुजी: आणि तोंडी परीक्षेत त्याला एक वाक्य बोलता आलं नाही तर? कागद शुद्ध झाला, मुलगा होता तिथेच राहिला.

टेकसॅव्ही_पुसद: गुरुजी, शहरातली मुलं सर्रास वापरतात. आमच्याच पोरांनी का मागं राहायचं?

चार_एकर: वाण कोणतं आहे? कामगंध सापळे लावले का? २०१७ साली आमच्याकडे याच अळीनं बोंडं पोखरली. डिसेंबरनंतर तेच पीक पुढे फरदड म्हणून ठेवू नका म्हणावं, अळीले पुढच्या हंगामापर्यंत खायला मिळते.

वर्धाकाठची: काका, तो मुलाचा प्रकल्प आहे, माझं शेत नाही.

दूरची_पाखरं: पण काकांनी विचारलं तेच त्या मुलाला विचारा, आणि मराठीत विचारा. मी अमेरिकेत शिकताना विद्यापीठाच्या लेखन केंद्रात मदतनीस होते. तिथे आधी आशय आणि मांडणी बघायची, व्याकरण नंतर. 'अळी कधी दिसली? सहायकांनी काय सांगितलं? बाबांनी काय केलं?' याला तो भरभरून उत्तर देईल. तेच मुद्दे क्रमानं त्याच्या हातानं लिहून घ्या. पेन तुम्ही धरायचं नाही.

आता गप्प बसण्याचं. 'बरोबर वाटतं का?' हा प्रश्न कानावर इंग्रजी पडत आलेल्या मुलाला चालतो. ज्यानं ती भाषा फक्त वर्गात ऐकली, त्याला काय वाटणार? तिथे सरळ सांगा, त्यात फसवणूक नाही. 'हॅव' मालकीच्या अर्थानं आलं की 'हॅविंग' होत नाही, हा नियम आहे. एकदा दाखवा, मग पुढची दोन पानं त्यालाच शोधू द्या. 'डिस्कस' नंतर 'अबाउट' येत नाही, हे नियमानं सापडत नाही, सांगूनच टाका. 'अ' आणि 'द' ही आर्टिकल्स मराठीत नाहीतच, ते एका बैठकीत जमणार नाहीत. वारंवार येणाऱ्या दोनच चुका धरा, बाकी राहू द्या.

निवृत्त_गुरुजी: बाकी राहू द्या, हे मला पटत नाही. चूक दिसली की खूण केलीच पाहिजे.

दूरची_पाखरं: अर्ध्या तासात चाळीस खुणा केल्या तर तो पुन्हा येणार नाही, गुरुजी. तो पुढच्या आठवड्यात यायला हवा.

बंजारा_माणूस: मुलांची घरची भाषा कोणती, कोणीच विचारलं नाही. आमच्या तांड्यातल्या पोरांना मराठीही शाळेतच भेटते.

वर्धाकाठची: हो, दोघं घरी कोलामी बोलतात, तेच सगळ्यात गप्प असतात. मला कोलामी येत नाही.

बंजारा_माणूस: मग दोघांना एकत्र बसवा. आधी आपसात कोलामीत बोलू द्या, मग एकानं मराठीत तुम्हाला सांगावं, मग लिहायला घ्या. वेळ जास्त लागेल, सरांकडून तासभर मागून घ्या.

वर्धाकाठची: परवा त्या दोघांपासूनच सुरुवात करते. तासाचं सरांना उद्या विचारते.

टेकसॅव्ही_पुसद: स्पोकन इंग्लिशचा चांगला क्लास यवतमाळात कोणाला माहीत आहे का?