डिस्टोपियन कादंबरीतलं बालपण: विसावा, पुरावा की सापळा?

तापीकाठ (चोपडा):
डिस्टोपियन म्हणजे जुलमी, बिघडलेल्या जगाची कादंबरी. तसल्याच ऑर्वेलच्या '१९८४' वर आमच्या ग्रुपात बोलणं चाललेलं, बहुतेकांचं म्हणणं असं की हुकूमशाहीत जगणाऱ्या नायकाच्या, विन्स्टनच्या, लहानपणीच्या आठवणी म्हणजे वाचकाला जरा दम खायला दिलेली जागा. मला हे अजिबात पटत नाही. ती चॉकलेटची आठवण नीट वाचा. घरात खायचे वांधे, रेशनवर २ औंसाचा तुकडा मिळालेला, खाणारे तिघं, आई त्यातला पाऊण विन्स्टनला देते अन् उरलेला आजारी तान्ह्या बहिणीला, तर हा पोरगा तिच्या हातातलाही हिसकावून पळतो. आई काय करते? पोरीभोवती हात टाकून तिला छातीशी घेते, बस. चॉकलेट परत येत नाही, पोरीचं पोट भरत नाही. हा घरी परततो तर दोघी गायब! यात विसावा कुठे आहे, नुसती शरम आहे. आणि मोठेपणी चॉकलेटचं रेशन ३० ग्रॅमवरून २० वर आणतात, दुसऱ्याच दिवशी टेलिस्क्रीनवर (घराघरातला सरकारी पडदा) सांगतात की रेशन वाढवून २० केलं म्हणून लोकांनी मोर्चे काढून आभार मानले. कागदावरचा आकडा बदलता येतो, पण हिसकावलेला तुकडा केवढा होता ते त्या माणसाला पक्कं माहीत आहे. म्हणून मी म्हणतो, इथे बालपण पुरावा म्हणून येतं.

भुसावळी:
पुरावा कसा काय भो? शेवटचं प्रकरण विसरला का तू? सरकारच्या कैदेत छळ सोसून बाहेर आलेला विन्स्टन कॅफेत बसलाय, त्याला सापशिडी आठवते, मेणबत्तीचा उजेड, समोर आई, तान्ही बहीण लोडाला टेकून, तिला खेळातलं काही कळत नाही पण हे दोघं हसतात म्हणून तीही हसते. आणि हा ती आठवण खोटी म्हणून झटकून टाकतो, कोणी न सांगता. असा पुरावा काय कामाचा? इशिगुरोचं 'नेव्हर लेट मी गो' (२००५) घे. अवयव काढून घ्यायला वाढवलेली पोरं, पण हेलशॅम या निवासी शाळेतलं त्यांचं लहानपण किती छान, चित्रं, कविता, जिवाला जीव देणारे मित्र. त्यांना बांधून ठेवायला तारेचं कुंपण लागतच नाही, त्या गोड आठवणीच पुरतात, गोष्ट सांगणारी कॅथी पळून जायचा विचारसुद्धा करत नाही. 'ब्लेड रनर' सिनेमातल्या रेचल या कृत्रिम बाईचं बालपण तर तिचं नाहीच, तिला बनवणाऱ्याच्या पुतणीच्या आठवणी तिच्यात भरलेल्या. माझ्या मते बालपण हा सत्तेचा सगळ्यात स्वस्त सापळा आहे.

तापीकाठ:
सापशिडी तर माझ्याच बाजूने बोलते. ती झटकल्यावर काही क्षणांत विजयाची बातमी येते आणि मग त्याला बिग ब्रदर, म्हणजे तिथला हुकूमशहाच, आवडायला लागतो. म्हणजे सगळं गेल्यावरही आत जे उरलेलं होतं ते हेच. त्यात दम नसता तर झटकावी लागली असती का?

अमळनेरची लेक:
दादा, तुम्ही दोघं एकट्या माणसाच्या डोक्यातलंच बोलताय. विन्स्टन ती चॉकलेटची गोष्ट त्याच्या प्रेयसीला, ज्यूलियाला, सांगतो तेव्हा ती अर्धवट झोपेत ऐकते आणि तू लहानपणी वाईटच असशील असं काहीतरी म्हणून सोडून देते. पबमधल्या म्हाताऱ्याला तो क्रांतीआधीचं विचारतो तर त्याला बिअर आणि उंच टोप्या तेवढ्या आठवतात. ऐकून घेणारं कोणी नाही, हे खरं संकट आहे. याच्या अगदी उलट आपल्याकडे बघा ना. साने गुरुजी आमच्या अमळनेरात शिक्षक होते, त्यांनी 'श्यामची आई' लिहिली ती १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात. गजाआड बसलेला माणूस आईला आठवतोय, आणि श्याम तिथे रोज रात्री समोर बसलेल्या मंडळींना सांगतोय, स्वतःच्या चुकांसकट. विन्स्टनकडेही तशीच शरम होती, समोर माणसं नव्हती. आठवण चारचौघांत बोलली गेली तर टिकते, नाहीतर सापशिडीसारखी खोटी ठरते.

भुसावळी:
ताई, तुमचं म्हणणं मनाला लागलं, पण चारचौघांची आठवणही बनवता येते. हक्सलेच्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' मध्ये (१९३२) पोरांच्या कानात झोपेत तीच तीच वाक्यं रात्रभर वाजवतात आणि मोठेपणी सगळे एकमेकांना तीच ऐकवतात. ऐकणारे ढीगभर आहेत, सगळ्यांचं बालपण सेम, तरी कोणी त्यातून सुटत नाही.

अमळनेरची लेक:
सेम आहे हीच तर खूण आहे ना! तिथे वाक्यं मशीनमधून येतात म्हणून एक अक्षर इकडचं तिकडे होत नाही. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आमच्याकडे माहेरी आलेल्या बाया निंबाच्या झोक्यावर अहिराणी गाणी म्हणतात, त्यात माझ्या आईचं कडवं आणि पारोळ्याच्या मावशीचं कडवं कधीच जुळत नाही. दोघी लहानपणी एकाच झोक्यावर बसायच्या, तरी दर वर्षी वाद घालतात की आजी कोणतं म्हणायची. माझा विश्वास अशा आठवणीवर आहे, जिच्यावरून दोन बहिणी भांडू शकतात.

तापीकाठ:
मग विन्स्टनची बहीण जगली असती तर? तिने सांगितलं असतं की तुकडा केवढा होता, आणि कदाचित विन्स्टनला आठवतं त्यापेक्षा वेगळंच सांगितलं असतं. भुसावळी, याच्यावर बोल.

भुसावळी:
बोलतो. रात्री ड्यूटीवरून आल्यावर हेलशॅमचं शेवटचं प्रकरण परत वाचतो, कॅथी आणि तिचा शाळेतला मित्र टॉमी तिथलं आठवताना एकमेकांना कुठे खोडतात का ते बघायचंय. खोडत असतील तर ताईंचं खरं मानेन, पण मग तरी ते पळाले का नाहीत ते तुम्हाला सांगावं लागेल.