सहावी ते आठवीचं वेळापत्रक नव्याने बसवायचंय: सगळ्या जोडतासिका केल्या तर?

खडूफळा
सहावी ते आठवी, प्रत्येकी दोन तुकड्या, तुकडीत साधारण ४५ मुलं. दुपार सत्र. सोम ते शुक्र ३५ मिनिटांच्या आठ तासिका, शनिवारी सकाळी ३० मिनिटांच्या पाच. जिल्हा परिषदेच्या पाचवीत मुलाला एकच गुरुजी असतात, इथे आल्यावर एकदम आठ शिक्षक. सहामाही येते तरी कुठली वही कोणाला दाखवायची याचा घोळ चालूच. जेवणानंतर वर्ग हाताबाहेर. जूनपासून सगळ्याच विषयांच्या ७० मिनिटांच्या चार जोडतासिका करायचा विचार आहे. दहा दप्तरमुक्त दिवसही (दप्तराशिवाय येऊन हाताने काम शिकायचे) बसवायचे आहेत. शिक्षक वाढणार नाहीत. सुरुवात कुठून करावी?

गणितमास्तर
घंटेचं नंतर बघा सर. आधी एका तुकडीसमोर आठवड्यात किती शिक्षक उभे राहतात ते मोजा. खरं दुखणं तिथे आहे.

आठवड्याच्या ४५ तासिका अशा धरू: मराठी ६, इंग्रजी ६, हिंदी ४, गणित ७, विज्ञान ७, इतिहास-नागरिकशास्त्र ३, भूगोल ३. झाल्या ३६. उरलेल्या नऊ म्हणजे कला ३, शारीरिक शिक्षण (शा. शि.) ४, कार्यानुभव २. आता सहावी अ आणि ब मिळून तीनच शिक्षक द्या. गणित-विज्ञान एकाकडे (२८ तासिका), मराठी-इंग्रजी दुसऱ्याकडे (२४), सामाजिक शास्त्रं आणि हिंदी तिसऱ्याकडे (२०). बेरीज ७२, म्हणजे दोन्ही तुकड्यांचे ३६-३६ पूर्ण. नवीन माणूस लागत नाही. आरटीईनुसार (शिक्षण हक्क कायदा) सहावी ते आठवीला विज्ञान-गणित, भाषा आणि सामाजिक शास्त्रं या तिन्हींचे शिक्षक असावेच लागतात, त्यामुळे वाटप कागदावरही बसतं. २८ वाल्याला वर्गशिक्षकपद देऊ नका, २० वाल्याला द्या.

दुसरं म्हणजे अ ची कला असेल तेव्हाच ब ची शा. शि. ठेवा, आणि उलट. आठवड्यात अशा सहा जागा निघतात आणि तेव्हा तिघंही एकदम मोकळे असतात. त्यातली एक बैठकीसाठी राखून ठेवा आणि तिथे बदली तासिका लावू नका. एकाच दिवशी तीन चाचण्या, चार विषयांचा गृहपाठ, हे प्रकार त्या ३५ मिनिटांत मिटतात.

सगळ्या जोडतासिका मात्र नकोत. गणिताच्या जोड्या केल्या की आठवड्यात तीन-चारच दिवस गणित होतं, मधल्या दिवसांत सराव तुटतो. बारा वर्षांचं पोर ७० मिनिटं फळ्याकडे बघत बसणार नाही. दुसऱ्या अर्ध्यात शिक्षक ‘वाचा रे’ म्हणून तपासणीचं काम काढतात. विज्ञानाच्या दोन जोड्या (प्रयोग, निरीक्षण, वही तिथेच पूर्ण), कला एक, कार्यानुभव एक. बस्स. आणि यातल्या शक्य तितक्या जेवणानंतर ठेवा, हात चालतात तेव्हा तोंडं कमी चालतात. गणित रोज, जेवणाआधी.

ही रचना मोडते ती एकाच कारणाने: दहावीचा निकाल म्हणून सहावीचे गणित शिक्षक अर्ध्या वर्षात वर ओढले जातात. ते जूनमध्येच लेखी ठरवून घ्या.

नियम_बघा
तासांचा हिशेब कोणी केलाय का? सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० अध्यापन तास लागतात. तुमचं आत्ताचं बघा: १४०० अधिक १५० म्हणजे आठवड्याला १५५० मिनिटं. सहा दिवसांच्या आठवड्याने २२० दिवस म्हणजे पावणेसदतीस आठवड्यांना थोडे कमी. एकूण साधारण ९४७ तास. पन्नासेक तासांची तूट मुळातच आहे, त्यात स्नेहसंमेलनाच्या तयारीचे दिवस वेगळेच.

परिपाठानंतर रोज २० मिनिटांचा गटतास घाला. चार दिवस वाचन किंवा गणिताचा सराव, तोही टाचणात नोंदवून. शुक्रवारी फक्त बोलणं. शनिवारच्या तासिका ३५ मिनिटांच्या करा. शुक्रवार न मोजताही १६५५ मिनिटं होतात, वर्षाला साधारण १०११ तास. घड्याळात असं बसतं: १०:३० परिपाठ, १०:४५ गटतास, ११:०५ ते १२:५० तीन तासिका, ४० मिनिटं जेवण, १:३० ते ३:१५ तीन, दहा मिनिटं सुट्टी, ३:२५ ते ४:३५ दोन.

गट वीस-एकवीसचे. २७० मुलांना १३ माणसं लागतात, म्हणून कला आणि क्रीडा शिक्षकांनाही गट द्यायचा. गटतासात सूचनावाचन, फी आणि गणवेश तपासणी शिरली की महिन्याभरात तो मेलाच समजा.

डबा_आणि_पाणी
वरच्या वेळापत्रकात एकच अडचण दिसते, ती दहा मिनिटांच्या सुट्टीची. सहा तुकड्यांत १३५ मुली धरा, शौचालयं तीन, एकीला दोन मिनिटं. दहा मिनिटांत पंधराच मुली होतात. बाकीच्या दिवसभर पाणीच पीत नाहीत, आणि पाळीच्या दिवसांत सातवी-आठवीच्या मुली घरीच राहतात. इयत्तेनुसार तीन वेगवेगळ्या सुट्ट्या करा, तासिकेत परवानगी न मागता जायची मुभा द्या. पॅड शिक्षिकांच्या कपाटात कुलूपबंद नकोत, शौचालयाजवळ ठेवा, झाकणाच्या डब्यासकट.

जेवण १२:५० ला हे उत्तम, त्याच्या पुढे ढकलू नका. सहावीपासून पोषण आहारात धान्य दर मुलाला १५० ग्रॅम आहे, पाचवीपर्यंत १००. ताटात हा फरक दिसायला हवा. एकाच मापाने सगळ्यांना वाढलं की आठवीची मुलं तीन वाजता पेंगतात. लोहाची निळी गोळी आठवड्यातून एकदा, जेवणानंतरच. रिकाम्या पोटी मळमळ झाली की पुढच्या आठवड्यात अर्धा वर्ग ती खिशात घालतो. सोमवार ठरवला असेल तर श्रावणात मंगळवारी घ्या; उपास आणि अर्धी शाळा एकाच दिवशी येतात.

खडूफळा
तीन शिक्षकांचं वाटप आजच मांडून बघतो. दप्तरमुक्त दिवस दहा शनिवारी केले तर चालतील?

गणितमास्तर
शनिवारी १७५ मिनिटं मिळतात. कुंभाराकडे नेऊन चिखल मळेपर्यंत घंटा होते. पाच-पाच दिवसांचे दोन सलग टप्पे करा, एक दिवाळीच्या सुट्टीनंतर, दुसरा जानेवारीत. ४५ मुलं एका सुताराभोवती उभी केली तर चाळीस जण नुसती बघतात. पंधराचे तीन गट, तीन ठिकाणं, दीड-दीड तासाने अदलाबदल. करवत आणि पटाशीच्या ठिकाणी दोन मोठी माणसं हवीतच. पालकांची संमतीपत्रं आठ दिवस आधी गोळा करा, आणि ते पाच दिवस शिष्यवृत्तीच्या जादा तासांना मोकळे देऊ नका. एकदा दिले की परत मिळत नाहीत.