जुन्या ट्रॅक्टरला एलईडी: आधी दिवा बदलायचा की वायर?

काळी माती, चोपडा
रात्रीचं रोटाव्हेटर सुरू झालं की जो तो एलईडी बार आणतो आणि बोनेटवर ठोकतो. माझं मत सरळ आहे: जुन्या ट्रॅक्टरचा उजेड बल्बमुळे क्वचितच कमी पडतो, तो वाटेतच गळतो. हेडलाईट चालू ठेवून मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी होल्डरमधल्या प्लसवर धरा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा दिसला, तर तेवढं व्होल्टेज स्विच, जॉइंट आणि बारीक वायर खाऊन बसलेत. बॅटरीच्या मायनसपासून बल्बच्या अर्थपर्यंतही (करंट चेसीच्या पत्र्यातून परत जातो ती बाजू) असंच मोजा. हॅलोजनला व्होल्टेज 10 टक्के कमी मिळालं की उजेड जवळपास 30 टक्के पडतो.

रिले टाका, 12 व्होल्ट 30 अँपिअरचा; म्हणजे जुन्या स्विचच्या थोड्या करंटवर दिव्याचा मोठा करंट जोडणारा डबीसारखा स्विच. त्याच्या 30 नंबरच्या पिनेला बॅटरीवरून 2.5 चौरस मिमीची वायर, बॅटरीपासून वीतभर अंतरात 15 अँपिअरचा फ्यूज. 87 मधून हेडलाईट, 86 ला जुन्या स्विचची वायर, 85 अर्थला. हाय आणि लो बीमला वेगवेगळे रिले. अर्थची जागा रंग खरवडून पत्रा चकचकीत करा, मगच थिंबल (वायरच्या टोकाची कडी) आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा.

शिरपूरकर
तुमनं बठ्ठं पटनं भो, पण हे अल्टरनेटरवाल्यांसाठी, म्हणजे बॅटरी चार्ज करायला नव्या पद्धतीचं जनित्र असलेल्यांसाठी. डायनामो, म्हणजे जुन्या पद्धतीचं जनित्र असलेल्या गाडीचं काय? 55 वॅटचे दोन हॅलोजन म्हणजे 9 अँपिअर, वर मागचा नांगरलाईट (शेतकामासाठी मागे लावलेला दिवा). रोटाव्हेटरला आरपीएम चढलेले असतात तोवर चालतं. गाडी स्लोवर आली की डायनामो चार्ज देत नाही आणि सगळा भार बॅटरीवर. 18 वॅटचे दोन एलईडी 3 अँपिअरमध्ये भागतात. जुनी वायर धड असेल तर तेवढं आरामात सोसते. मग रिलेचा खटाटोप कशाला?

काळी माती, चोपडा
एलईडीने दुखणं झाकलं जातं, बरं होत नाही. अर्थ सैल असेल तर एलईडीही मिचमिचणारच. डायनामो बॅटरीला जोडणाऱ्या-तोडणाऱ्या जुन्या कटआउटच्या पॉइंटमुळे व्होल्टेज वरखाली होतं, त्यात स्वस्त एलईडीचा ड्रायव्हर (आतलं सर्किट) आधी जातो. अंगावर 10 ते 30 व्होल्ट लिहिलेलाच घ्या. काही फार जुन्या गाड्यांना प्लस अर्थ असतो (बॅटरीचा मायनसऐवजी प्लस चेसीला), म्हणून बॅटरीची कोणती केबल चेसीला गेली आहे ते आधी बघा.

आणि हेडलाईटच्या वाटीत हॅलोजन काढून एलईडी बल्ब घालू नका. वाटी फिलामेंटच्या जागेवर बेतलेली असते. एलईडीची चिप तिथे नेमकी बसत नाही, उजेड फाकतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. शेतासाठी वेगळा एलईडी, वेगळा स्विच.

सावदा केळी
दोघं पुढच्याच दिव्यावर भांडताय. धुळे-जळगाव हायवेवर अंधारात मागचा ट्रक येऊन धडकतो तो ट्रॉलीवर. ट्रॉलीचा अर्थ बहुतेक जण हुकच्या पिनेतूनच घेतात. तिथे ग्रीस आणि धूळ, त्यामुळे खड्ड्यात टेललाईट विझतो, पुढे पेटतो. सॉकेटमधून अर्थची वेगळी वायर ट्रॉलीच्या चेसीपर्यंत न्या, दिव्यांनाही तिथूनच द्या. मागच्या फाळक्याला लाल रिफ्लेक्टर पट्टी, केळीच्या घडांवरची ताडपत्री तिच्यावर लोंबायला नको. नांगरलाईट रस्त्यावर बंद. त्याच्या स्विचला छोटा इंडिकेटर लावा, नाहीतर मागच्याच्या डोळ्यात पांढरा झोत जातो आणि ड्रायव्हरला पत्ताही नसतो.

शिरपूरकर
ट्रॉलीचं मान्य. एलईडी बल्ब वाटीत नको, हेही मान्य. पण डायनामोवर हॅलोजन आणि रिले हे मला अजून पटत नाही. हॅलोजनच ठेवायचे तर आधी अल्टरनेटर बसवा. नवा ब्रॅकेट आणि बरोबर लांबीचा पट्टा लागेल, चार्जिंग दिव्याची वायर ओढावी लागेल, जुना कटआउट सर्किटमधून काढावा लागेल. प्लस अर्थची गाडी असेल तर आधी ती मायनस अर्थ करा, नाहीतर जोडताक्षणी अल्टरनेटरचे डायोड जळतील. एवढा खर्च झेपत नसेल तर डायनामोचे ब्रश आणि पट्ट्याचा ताण तपासा आणि शेतापुरते दोन एलईडी लावून मोकळे व्हा.