शब्दचर्चा : सूक्ष्मभिंगन, विचलन आणि विस्थापन

विचारणा (हिंगोली) : औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहणार असल्यामुळे गुरुत्वाकर्षणाविषयीचे प्रश्न आमच्या महाविद्यालयातील मुले आता आवर्जून विचारतात. त्यांच्यासाठी मराठीत टिपण करताना एक अडचण आली. दूरच्या ताऱ्यापुढून जवळचा तारा जातो, तेव्हा मागच्या ताऱ्याची जागा किंचित सरकलेली दिसते. या घटनेला कुणी 'वक्रीभवन' म्हणते, कुणी 'विचलन', तर कुणी 'सूक्ष्मभिंग'. सर, यांतला कोणता शब्द घ्यावा?

उत्तर (छत्रपती संभाजीनगर) : ताई, 'वक्रीभवन' येथे नको. पाण्यात वा काचेत शिरताना किरण वळतो, त्या घटनेशी हा शब्द फार पूर्वीपासून बांधला गेला आहे. शिवाय काचेत निळा प्रकाश तांबड्यापेक्षा अधिक वळतो, गुरुत्वाकर्षणाने मात्र सगळे रंग सारखेच वळतात, आणि मधली वस्तू भिंगासारखी वागून मागच्या ताऱ्याची प्रखरताही वाढवत असल्यामुळे, ती वाढ गुरुत्वाकर्षणाने झाली की तो मुळातच चलतारा (स्वतःहून प्रखरता बदलणारा तारा) आहे, हे ठरवताना निरीक्षक हीच खूण तपासतात. 'विचलन' किरणाचे होते. सूर्याच्या कडेशी ते 1.75 विकला (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) असते आणि 1919 च्या खग्रास ग्रहणात ते तपासले गेले. ताऱ्याची दिसणारी जागा सरकते, ते 'विस्थापन'. 'सूक्ष्मभिंगन' हे साऱ्या प्रक्रियेचे नाव.

त्यातला 'सूक्ष्म' भिंगाला लागत नाही, हे मुलांना मुद्दाम सांगावे. भिंग म्हणून आलेली वस्तू सूर्याहून कित्येक पट जड असू शकते. भिंगामुळे मागच्या ताऱ्याच्या दोन प्रतिमा होतात, आणि सूक्ष्म असते ते त्या दोन प्रतिमांमधले अंतर. त्या बहुधा वेगळ्या दिसतच नाहीत, म्हणून 1993 मध्ये पहिल्या घटना सापडल्या त्या प्रखरतेच्या चढउतारावरून. हे प्रकाशमितीय सूक्ष्मभिंगन. पण त्या आलेखातून बहुतेक वेळा घटनेचा कालावधीच नेमका कळतो, आणि त्या एका आकड्यात भिंगाचे वस्तुमान, अंतर व वेग ही तिन्ही मिसळलेली असतात. जड वस्तू झपाट्याने गेली की हलकी वस्तू रेंगाळत गेली, हे त्यावरून सांगता येत नाही.

तारा किती सरकला हे मोजले, की भिंगाच्या प्रभावक्षेत्राचा कोनीय आकार हाती येतो. त्याला पराशयाची (पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ताऱ्याची जागा जी किंचित हललेली दिसते तिची) जोड दिली की वस्तुमान निघते. माझ्या मते या पद्धतीचे खरे मोल इथे आहे, कारण एकट्या, जोडीदार नसलेल्या ताऱ्याला तोलण्याचे मार्ग फारच थोडे आहेत. दुसरे असे, की भिंग दूर गेल्यावर कोनीय अंतर दुप्पट झाले तर प्रखरतेतली वाढ साधारण सोळाव्या हिश्शावर येते, विस्थापन मात्र निम्मेच होते, त्यामुळे ते वर्षानुवर्षे मोजता येते. 2011 मध्ये दिसलेल्या एका घटनेचा हबल दुर्बिणीने असाच पाठपुरावा केला आणि त्यातून सूर्याच्या सुमारे 7 पट वस्तुमानाचे एकाकी कृष्णविवर उघडकीस आले. म्हणून प्रकाशमितीयच्या जोडीला मी 'स्थानमितीय सूक्ष्मभिंगन' असे लिहितो.

विचारणा : विकलेच्या हजाराव्या भागाला 'प्रतिविकला' म्हटले तर चालेल का? शब्द पंचांगातला आहे.

उत्तर : नाही. प्रतिविकला हा विकलेचा साठावा भाग; तिथे घोटाळा होईल. मिलिमीटरच्या धर्तीवर 'मिलिविकला' करावा, मुलांना तो लगेच कळेल. हा शब्द पुढे सतत लागणार आहे. 2013 मध्ये सोडलेल्या गाया यानाने सुमारे 180 कोटी ताऱ्यांच्या जागांची नोंद केली आहे. त्यांतल्या बहुतेकांच्या निजगतीही (आकाशात तारा दरवर्षी किती सरकतो ते) मोजलेल्या असल्यामुळे कोणता तारा कोणापुढून केव्हा जाईल, याचे भाकीत आधीच करता येते.

टिपणात उदाहरण हवे असेल, तर स्टाइन 2051 बी या श्वेत लघुताऱ्याचे (इंधन संपलेल्या ताऱ्याच्या उरलेल्या दाट गाभ्याचे) घ्यावे, कारण त्याच्यामागचा तारा 400 पट मंद असूनही मोजणी साधली. वाक्य असे होईल : 'श्वेत लघुताऱ्याजवळून येणाऱ्या किरणांचे विचलन झाल्यामुळे मागच्या ताऱ्याचे सुमारे 2 मिलिविकलांचे विस्थापन हबल दुर्बिणीला दिसले आणि त्यावरून लघुताऱ्याचे वस्तुमान सूर्याच्या 0.675 पट असल्याचे 2017 मध्ये प्रसिद्ध झाले.'