आजींना खरं सांगावं का? कांट, मिल आणि माझा वॉर्ड

रात्रपाळी: मी कॅन्सर वॉर्डात नर्स आहे. नातेवाईक बाजूला घेऊन सांगतात, "सिस्टर, आजीला गाठ कसली ते कळू देऊ नका." आजी मात्र हात धरून मलाच विचारतात. जर्मन तत्त्वज्ञ कांटच्या १७९७ च्या निबंधानुसार, घरात लपलेल्या मित्राला शोधत दाराशी आलेल्या खुन्याशीसुद्धा खोटं बोलू नये. हे मला अमानुष वाटतं. मग बेंथम-मिल या इंग्रज विचारवंतांचा उपयुक्ततावाद धरू का, म्हणजे ज्यातून सगळ्यांचं मिळून सुख जास्त तेच योग्य?

जुनी वही: जपून! सुखाची बेरीज मांडली की एका बाजूला आजी एकट्या, दुसरीकडे सगळं घर. आजी हरणारच. अमेरिकन तत्त्वज्ञ रॉल्सने १९७१ मध्ये हाच आक्षेप घेतला, की या हिशोबात प्रत्येक माणूस वेगळा आहे हेच विसरलं जातं. शिवाय खोट्याने समाजातला विश्वास झिजतो, हे मिलही मानतो.

वाडीकर: अ‍ॅरिस्टॉटल वाचा. नियम किंवा बेरीज नव्हे, विवेकी माणूस त्या प्रसंगी काय करेल ते बघा.

रात्रपाळी: पटतं, पण नवख्या मुलीला मध्यरात्री विवेक कुठून सुचणार? सद्गुणनीतीवरचा (नियमांऐवजी माणसाच्या चांगल्या स्वभावावर भर देणाऱ्या या विचारावरचा) नेहमीचा आक्षेप मला इथेच खरा वाटतो.

जुनी वही: कांटला एवढ्यात सोडू नका. खोटं बोलू नये म्हणजे सगळं बोलून टाकावं, असं तो म्हणत नाही. माणसाला केवळ साधन मानू नका, हे त्याचं १७८५ चं सूत्र आजींच्याच बाजूचं आहे.

रात्रपाळी: हे फार मोलाचं आहे. उद्या डॉक्टरांना म्हणते, आधी आजींनाच विचारा, "तुम्हाला किती ऐकायचंय?"