वादळ वळलं नव्हतं, तुम्ही डावीकडे होतात!

वाडीवाला
काल इथे 'कॉमनसेन्स' यांनी लिहिलं: "अरबी समुद्रातली वादळं शेवटी ओमानला नाहीतर गुजरातला वळतात. निसर्ग वादळाच्या वेळी मुंबईत काय झालं? चार झाडं पडली. हवामान खातं उगाच घाबरवतं." वाचून डोकं सणकलं, म्हणून वेगळा धागा काढतोय.

3 जून 2020. निसर्ग ईशान्येकडे चाललं होतं आणि अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. आपल्या गोलार्धात वादळाचे वारे घड्याळाच्या उलट फिरतात. त्यामुळे वाटेच्या उजव्या अंगाला वाऱ्यात वादळाच्या चालीची भर पडते, डाव्या अंगाला वजाबाकी होते. डावीकडे मुंबई. उजवीकडे मुरुड, दिवेआगर, श्रीवर्धन. किनाऱ्यावर वारा ताशी 110 ते 120 किमी. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. आमची सुपारी काडेपेटीतल्या काड्यांसारखी मोडली. ही चार झाडं नव्हेत.

कॉमनसेन्स
एक वादळ धरून बसलात. क्यार ओमानकडे गेलं. 2019 चं वायू गुजरातच्या उंबऱ्यावरून फिरलं, तोवर लाखो माणसं घरातून हलवली होती. त्यांच्या हालांचा हिशेब कोण देणार?

दर्यावर्दी
वादळ स्वतःच्या मर्जीने वळत नाही, साहेब. वरच्या थरातले वारे त्याला ढकलतात. 2023 मध्ये बिपरजॉय कितीतरी दिवस समुद्रातच रेंगाळलं, शेवटी गुजरातच्या जखाऊला चढलं. वाट नेमकी कळत नाही म्हणून तर नकाशावर रेघ न दाखवता शंकू दाखवतात, म्हणजे वादळ जिथे जिथे जाऊ शकेल तो पुढे रुंदावत जाणारा पट्टा. ओडिशात 1999 च्या चक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. तिथेच 2013 च्या फायलिन वादळाला आधीच लोक हलवले, बळी काही डझनांवर थांबले. तिकडे कोणी म्हणत नाही की उगाच हलवलं.

पुणेरी आकडेमोड
आयआयटीएमचा, म्हणजे पुण्याच्या हवामान संशोधन संस्थेचा, 2021 चा अभ्यास बघा. 2001 ते 2019 मध्ये अरबी समुद्रातली चक्रीवादळं आधीच्या दोन दशकांच्या तुलनेत 52 टक्क्यांनी वाढली.

कॉमनसेन्स
मुळात संख्या मूठभर, म्हणून टक्का मोठा दिसतो. शाळेतलं गणित आहे.

पुणेरी आकडेमोड
मुद्दा रास्त आहे. समुद्र तापलाय हेही तेवढंच खरं.

वाडीवाला
टक्के राहू द्या. भरपाईचं बोलूया? तेव्हा हिशेब होता हेक्टरी. आमची वाडी वडिलोपार्जित, चार भावांत वाटलेली, माझ्या वाट्याला नऊ गुंठे. त्यात सुपारी, नारळ, मिरी, जायफळ एकमेकांच्या खांद्यावर. पंचनाम्याचा कागद घेऊन आलेला माणूस विचारतो, "पीक कुठलं लिहू?" मी म्हटलं, आडवं पडलेलं.

माहेर दिवेआगर
अगदी! आमच्याकडे महिनाभर लाईट नव्हती. त्यात टाळेबंदी, पत्र्याचे भाव दुपटीवर. आईने कौलांवर ताडपत्री टाकून अख्खा पावसाळा काढला. आणि झाडं आडवी झाल्यावर एकदम समुद्र दिसायला लागला, तो तिला सहनच होईना.

दर्यावर्दी
विषय वादळाचा आहे, वाडीचा नाही.

वाडीवाला
वादळ अर्धा दिवस असतं हो, वाडी पिढीभर! रोप लावल्यावर सात-आठ वर्षांनी पहिलं उत्पन्न. तुम्ही शंकू काढत बसा.

दर्यावर्दी
आवाज चढवायचं कारण नाही. तौक्ते वादळाच्या वेळी, मे 2021 मध्ये, इशारा असूनही तेलक्षेत्रातल्या कामगारांची बार्ज पी-305 समुद्रातच राहिली. साठहून अधिक माणसं गेली. वाडी पुन्हा लावता येते.

वाडीवाला
...हे मान्य. शब्द मागे घेतो. भरपाईबद्दलचे नाही.

माहेर दिवेआगर
एक मात्र कॉमनसेन्सरावांचं पटतं. इशारा देताना जिल्हाभर एकच लाल रंग फासतात. डोंगरातल्या पोलादपूरला आणि किनाऱ्यावरच्या श्रीवर्धनला धोका सारखा कसा? दोनदा लाल येऊन नुसता पाऊस पडला, तर तिसऱ्यांदा माझा भाऊ होडी वर ओढत नाही.

कॉमनसेन्स
चला, कोणीतरी माझ्या बाजूने आलं! बरं, उजवं-डावं मला ठाऊक नव्हतं. तेवढं घ्या पदरात. बाकी खातं घाबरवतं यावर मी ठाम. वाडीवाले, नवीन रोपं धरली का?

वाडीवाला
साठ लावली होती, एकेचाळीस जगली. शिंपुट, म्हणजे सुपारीचा घड, अजून एकालाही नाही. आणि हो, वाडी वाटेच्या उजवीकडेच आहे.