चालू गाडीत टर्मिनल काढू नका, आधी अर्थिंग बघा

इंजिन चालू ठेवून बॅटरीची टर्मिनल काढायची, गाडी बंद पडली नाही तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) चांगला, असं वर एकाने लिहिलंय. हा डायनॅमो आणि पॉइंटच्या जमान्यातला उपाय. आता बॅटरी सुटली की व्होल्टेज एकदम उसळतं, इग्निशन मॉड्यूल (स्पार्क देणारं सर्किट) किंवा ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) उडू शकतं. साधा मल्टिमीटर घेऊन बॅटरीला लावा: गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास, चालू असताना साधारण १३.८ ते १४.४. आपल्या सोलापूरच्या मे महिन्यात १३.६ दिसलं तरी लगेच घाबरू नका, अल्टरनेटरचं व्होल्टेज आवरणारे बरेच रेग्युलेटर तापल्यावर मुद्दाम कमी व्होल्टेज देतात.

अर्थिंगबद्दल, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हची बॉडी आणि इंजिनशी असलेल्या जोडणीबद्दल, मात्र कुणीच बोललं नाही. माझी गाडी एसी आणि हेडलाइट लावले की मिसिंग करायची, एकदा तर सात रस्ता चौकात भर गर्दीत बंद पडली. एका गॅरेजवाल्यानं सरळ अल्टरनेटर बदलायला सांगितला. दुसऱ्या वायरिंगवाल्या चाचांनी सगळा लोड चालू ठेवून मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला लावली. ०.८ व्होल्ट! ०.२ च्या वर जायला नको. इंजिन-बॉडीमधली अर्थची पट्टी गंजून हिरवीगार पडली होती. पॉलिश पेपरनं घासून घट्ट बसवली, अल्टरनेटर अजून तोच आहे.